नऊ मीटरचं प्रकरण : नोएडाचे जुळे मनोरे

रहिवाशांनी मंजूर नकाशाची प्रत मागितली. नोएडा प्राधिकरणानं ती मागणी बिल्डरकडे पाठवली, देऊ का म्हणून. बिल्डरनं 'देऊ नका' असं कळवलं. प्राधिकरणानं दिली नाही.

सुपरटेक या बिल्डरच्या जुळ्या मनोऱ्यांचा विषय निघाला की लोकांना २८ ऑगस्ट २०२२ ची दुपार आठवते, ते पाडताना टीव्हीवर दिसलेला धुळीचा लोट आठवतो. मला आधी आठवते ती ही पत्रांची ये-जा. ज्या नियमावलीखाली तो नकाशा मंजूर झाला, तिच्यातच तो बांधकामाच्या जागेवर लावून ठेवायची अट होती. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही दिसावा असा कागद, आणि तिथंच घर घेऊन राहणाऱ्या माणसाला तो मिळेना. सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०२१ च्या निकालात प्राधिकरण आणि बिल्डर यांच्या संगनमताची जी लक्षणं मोजली, त्यांत हेही एक होतं. सुनावणीच्या वेळी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी प्राधिकरणाच्या वकिलांना जे ऐकवलं ते तर याहून कडक होतं.

सोसायटीच्या कमिटीत कधी काम केलेल्या माणसाला हे प्रकरण नीट वाचायला हवं, कारण त्यात 'बेकायदा' या शब्दाचा आपल्या डोक्यात बसलेला अर्थ चालत नाही. बेकायदा म्हणजे परवानगी नसलेलं, असं आपण धरून चालतो. इथं प्रत्येक मजल्याला परवानगी होती. शिक्का होता, सही होती, जादा चटईक्षेत्राचे पैसे भरल्याच्या पावत्याही होत्या. तरी दोन्ही इमारती मुळापासून गेल्या.

जागा आणि तिचा मालक

नोएडा हे गावाचं नाव नाही. न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी या नावाची ती आद्याक्षरं आहेत. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, उत्तर प्रदेशच्या औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याखाली हे प्राधिकरण निघालं आणि शहरानं त्याचंच नाव घेतलं. तिथं महापालिका नाही, नगरसेवक नाही, प्रभाग समिती नाही. जमीन संपादन करायची, भूखंड भाडेपट्ट्यानं द्यायचे, बांधकाम नियमावली करायची, नकाशे मंजूर करायचे आणि बेकायदा बांधकाम पाडायचं, हे सगळं एकाच दारात. नवी मुंबईत १९९२ मध्ये महापालिका आलीच नसती आणि सगळा कारभार सिडकोकडेच राहिला असता, अशी कल्पना करा. बिल्डर हा प्राधिकरणाचा भाडेपट्टेदार, म्हणजे गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाइकाच्या इमारतीला टेप लावायचा तोही त्यानंच.

नोव्हेंबर २००४ मध्ये सेक्टर ९३-अ मधला चार नंबरचा भूखंड सुपरटेकला मिळाला, साधारण ४८,२६३ चौरस मीटर. जून २००५ मध्ये पहिला नकाशा मंजूर झाला. त्यात १४ टॉवर, प्रत्येक तळमजला अधिक ९. संकुलाचं नाव एमराल्ड कोर्ट. पुढच्या वर्षी शेजारची सुमारे साडेसहा हजार चौरस मीटर जागा भूखंडाला जोडून मिळाली आणि डिसेंबर २००६ मध्ये सुधारित नकाशा आला. दोन मजले वाढले, पंधरावा टॉवर आला, दुकानांची इमारत आली. इथवर काही अघटित घडलं नव्हतं. मोठ्या प्रकल्पांचे नकाशे बदलतातच. लोकांनी घरं घेतली ती हे बघून. टॉवर १ च्या शेजारी नकाशात बाग होती.

मग फेब्रुवारी २००९ मध्ये राज्य सरकारनं एफएआर, म्हणजे भूखंडाच्या किती पट चटईक्षेत्र बांधता येतं तो आकडा, वाढवला. आपण ज्याला एफएसआय म्हणतो त्यालाच उत्तरेत एफएआर म्हणतात. नव्या भूखंडांना २.७५ मिळणार होता, आणि जुन्या भूखंडधारकांना ठरावीक मर्यादेत जादा एफएआर पैसे भरून विकत घेता येणार होता. आपल्याकडच्या प्रीमियम एफएसआयचा हा सख्खा भाऊ. २६ नोव्हेंबर २००९ ला दुसरा सुधारित नकाशा मंजूर झाला. जिथं बाग होती तिथं टी-१६ आणि टी-१७, तळमजला अधिक २४. मार्च २०१२ मध्ये तिसरा सुधारित नकाशा आला आणि २४ चे ४० झाले. उंची १२१ मीटर, सदनिका ९१५, दुकानं २१. टॉवरांची नावं एपेक्स आणि सियान.

टेप लावली तर

टी-१ आणि टी-१७ यांच्यामध्ये ९ मीटर जागा होती.

९ मीटर म्हणजे किती? दोन मोटारी एकापुढे एक लावा, मध्ये माणूस जाईल एवढी फट ठेवा, संपलं. त्या जागेच्या एका बाजूला दहा-बारा मजल्यांची इमारत, तिच्या सज्जात कपडे वाळत घातलेले. दुसऱ्या बाजूला चाळीस मजले होऊ घातलेले.

२००६ च्या नियमावलीत दोन शेजारच्या इमारतींमधल्या अंतराचं गणित अगदी साधं होतं. इमारत १८ मीटर उंच असेल तर अंतर ६ मीटर. त्यापुढे उंची दर ३ मीटरनं वाढली की अंतर १ मीटरनं वाढवायचं, १६ मीटरला थांबायचं. कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा. ९ मीटर अंतर २७ मीटर उंचीच्या इमारतीला पुरतं, म्हणजे साधारण नऊ मजल्यांच्या. ४८ मीटर उंचीलाच १६ मीटरची कमाल मर्यादा लागते. २००९ च्या नकाशातले २४ मजले तिच्या कितीतरी पुढचे होते, २०१२ च्या चाळीसची तर गोष्टच सोडा. २०१० मध्ये नवी नियमावली आली ती आणखी कडक होती. सर्वांत उंच इमारतीच्या उंचीच्या निम्मं अंतर हवं. १२१ चे निम्मे साडेसाठ मीटर.

एफएआर आणि अंतर या दोन्ही गोष्टी बांधकाम नियमावलीत एकाच वहीत असतात, म्हणून आपण त्या एकाच जातीच्या समजतो. त्या तशा नाहीत. एफएआर हा भूखंडाचा हिशेब आहे. एवढ्या जागेवर एवढं बांधा, जास्त हवं तर पैसे भरा. सरकारला वाटलं की शहरात घरं वाढायला हवीत, तर ते हा आकडा वाढवू शकतं, विकू शकतं, आणि त्यात मुळात गैर काही नाही. दाट वस्ती हा गुन्हा नाही. दाट वस्ती झाली की रस्त्यावर, पाण्यावर ताण येतो तो सोसण्यासाठी तर प्रीमियम घेतात, निदान सांगताना तसं सांगतात. पण इमारतींमधलं अंतर हा शेजाऱ्याचा हिशेब आहे. आग लागली तर बंबाची शिडी उभी राहायला जागा, खालच्या मजल्याला ऊन, समोरच्या स्वयंपाकघराचा आपल्या बेडरूमपासून आडोसा. सरकार ते विकूच शकत नाही, कारण ते सरकारच्या मालकीचं नाही. जादा एफएआर विकत घेतला की तो टाकायला जागा लागते, आणि जागा नसेल तर पावती हातात घेऊन बसायचं. सुपरटेक बसला नाही. प्राधिकरणानं बसवलंही नाही.

एकच इमारत की दोन?

या खटल्यातला मला सर्वांत आवडलेला भाग पुढचा आहे, कारण तो वकिली डावपेचाचा नमुना म्हणून शिकवण्याजोगा आहे.

रहिवासी संघटना डिसेंबर २०१२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात गेली. तिचे दोन मुद्दे होते. एक अंतराचा. दुसरा संमतीचा : आम्हाला विचारल्याशिवाय आमच्या संकुलात नवे टॉवर घालता येत नाहीत. संमतीच्या मुद्द्यावर बिल्डरचं उत्तर असं होतं की टी-१६ आणि टी-१७ हा वेगळाच भाग आहे, त्याच्या सोयी वेगळ्या, त्याचा जुन्या पंधरा टॉवरांशी संबंध नाही. मग जुन्यांना विचारायचं कशाला?

सर्वोच्च न्यायालयात अंतराच्या मुद्द्यावर उत्तर आलं ते याच्या नेमकं उलट. टी-१, टी-१६ आणि टी-१७ हा इमारतींचा एकच गट आहे, मध्ये लोखंडी सांगाडा टाकून ते जोडलेले आहेत. मग एकाच इमारतीच्या दोन भागांमध्ये अंतर कसलं मोजता?

संमती मागितली की परके, अंतर मोजलं की एका घरातले. न्यायालयानं ही कोलांटउडी टिपली आणि गटाची गोष्ट मागाहून सुचलेली ठरवली. दोन इमारतींना वरून जोडणी टाकली म्हणून त्या एक होत नाहीत. होत असत्या तर प्रत्येक बिल्डरनं दोन टॉवरांत एक पूल टाकून अंतराची कटकट मिटवली असती. त्याआधी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडून जागेची पाहणी करून घेतली होती. तिनंही अंतर कमी भरतं असंच सांगितलं.

विचारायचं कुणाला

संमतीचा मुद्दा आपल्या वाचकांनी थोडा थांबून वाचावा, कारण यात उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र सरळ तुलना करता येण्याजोगे आहेत.

सदनिका घेतली की चार भिंतींबरोबर जमिनीत, जिन्यात, बागेत, गच्चीत एक अविभक्त हिस्सा मिळतो. एमराल्ड कोर्टच्या पंधरा टॉवरांत साधारण ६६० कुटुंबं. त्यांच्यात नव्या ९१५ सदनिका मिसळल्या की वाटेकरी १,५७५ होतात. सदनिकांचे लहान-मोठे आकार बाजूला ठेवून ढोबळ हिशेब केला, तर पूर्वी ज्याचा हिस्सा १०० होता त्याचा ४२ वर येतो. हा हिस्सा कमी करायचा तर सगळ्या सदनिकाधारकांची संमती हवी, असं उत्तर प्रदेशच्या २०१० च्या अपार्टमेंट कायद्यात होतं. त्याआधीच्या १९७५ च्या कायद्यातही तोच अर्थ होता. म्हणून 'आमचा २००९ चा नकाशा नव्या कायद्याच्या आधीचा' ही पळवाट चालली नाही. शिवाय बागच गेली होती. घर विकताना दाखवलेली बाग नंतर काढून तिथं टॉवर उभा करणं हे घेणाऱ्याला दिलेल्या शब्दाचंही उल्लंघन होतं.

आपल्याकडे मोफा, म्हणजे १९६३ चा सदनिका मालकी कायदा, कलम ७ मध्ये हेच सांगतो : नकाशा दाखवून करार केल्यावर घेणाऱ्याच्या संमतीशिवाय बदल किंवा जादा बांधकाम करायचं नाही. मुंबई उच्च न्यायालयानं कल्पिता एन्क्लेव्हच्या प्रकरणात हे कलम रहिवाशांच्या बाजूनं वाचलं. बिल्डर मंडळी हादरली, आणि १९८६ मध्ये कायद्यात कलम ७-अ घातलं गेलं, तेही पूर्वलक्षी प्रभावानं. मूळ आराखड्यानुसार उभ्या राहणाऱ्या जादा इमारतींना ही संमती लागत नाही, असा त्याचा आशय. आपल्याकडची सगळी भांडणं तेव्हापासून 'मूळ आराखडा' या दोन शब्दांभोवती फिरतात. २००७ मध्ये जयंतीलाल इन्व्हेस्टमेंट्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं समतोल साधला. आराखडा पहिल्यापासून पूर्ण उघड केला असेल तर ठीक, आणि करारात सुरुवातीलाच घेऊन ठेवलेली सरसकट संमती चालणार नाही, असं पुढे याच खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या, कलम १४ नं पुढे दोन तृतीयांश घेणाऱ्यांच्या लेखी संमतीची अट घातली.

तरी करारनाम्याच्या पन्नासाव्या पानावर 'प्रवर्तकास भविष्यात उपलब्ध होणारा सर्व एफएसआय वापरण्याचा हक्क राहील' हे वाक्य आजही सापडतं. सही करताना वाचतो कोण? घरच्यांची पेढे वाटायची घाई असते.

मुंबईनं आधी पाहिलेलं

इमारत पाडण्याचे आदेश मुंबईला नवे नव्हते. भुलाभाई देसाई रस्त्यावरच्या ३६ मजली 'प्रतिभा'चे वरचे आठ मजले चटईक्षेत्र ओलांडल्याबद्दल काढायचा आदेश झाला होता, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. मुंडकं छाटलेली ती इमारत पुढे कित्येक वर्षं तशीच उभी होती. लहानपणी बेस्टच्या बसमधून ती पाहिलेले लोक अजूनही तिची आठवण सांगतात.

वरळीचं कॅम्पा कोला कंपाउंड त्यानंतरचं. परवानगी पाच मजल्यांची आणि मिडटाऊन इमारत उभी २० मजल्यांची, ऑर्किड १७ मजल्यांची. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१३ मध्ये पाडकामाच्या बाजूनं निकाल दिला. नोव्हेंबरात पालिकेचा बुलडोझर फाटकात शिरला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच न्यायालयानं आपणहून स्थगिती दिली. कारण त्या मजल्यांवर माणसं होती. पंचवीस-पंचवीस वर्षं संसार केलेली, म्हातारी झालेली माणसं, आणि सगळे कॅमेरे त्यांच्यावर रोखलेले.

नोएडाचा निकाल अमलात आला याचं खरं कारण मला इथं दिसतं. एपेक्स आणि सियानमध्ये कुणी राहत नव्हतं. रहिवाशांनी तक्रार केली ती इमारती वर चढत असताना. ११ एप्रिल २०१४ ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं दोन्ही टॉवर पाडायला सांगितले आणि पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं 'जैसे थे'चा आदेश दिला. काम एका बाजूला ३२ व्या मजल्याजवळ, दुसरीकडे २९ व्या मजल्याजवळ थांबलं. ताबे दिले गेले नाहीत. दोन-चार वर्षं उशीर झाला असता आणि ९१५ दारांवर तोरणं लागली असती, तर न्यायालयासमोर पेच वेगळाच उभा राहिला असता. नियम तोच, अंतर तेच ९ मीटर, पण पलीकडे माणसं.

सात वर्षं ते सांगाडे उभे राहिले. नव्या टॉवरांत घर नोंदवणाऱ्या ६३३ जणांपैकी १३३ जण त्याच बिल्डरच्या दुसऱ्या प्रकल्पांत गेले, २४८ जणांनी पैसे परत घेतले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा २५२ जण शिल्लक होते. त्यांना १२ टक्के व्याजानं दोन महिन्यांत पैसे परत करा, रहिवासी संघटनेला खर्चापोटी २ कोटी द्या, तीन महिन्यांत पाडा आणि पाडायचा खर्च बिल्डरनं सोसायचा, असा आदेश झाला. रुडकीच्या सीबीआरआयनं, म्हणजे केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं, पाडकामावर नजर ठेवायची.

बिल्डरनं आणखी एक प्रयत्न केला. सगळं नको पाडूया, फक्त एका टॉवरच्या २२४ सदनिका काढतो, म्हणजे अंतर नियमात बसेल आणि दुसरा टॉवर वाचेल. ऐकायला व्यवहारी. सिमेंट, पोलाद, पैसा, सगळ्याची नासाडी टळली असती. पण ४ ऑक्टोबर २०२१ ला न्यायालयानं ते फेटाळलं, आणि मला वाटतं बरोबर केलं. अंतराची अडचण तेवढ्यानं सुटली असती असं क्षणभर धरलं, तरी संमतीचं काय? बागेचं काय? ४२ वर आलेल्या हिश्शाचं काय? 'प्रतिभा'त दोष आकाराचा होता, म्हणून कापून चालला. इथं टॉवर तिथं असणं हाच दोष होता.

एक गोष्ट मात्र बिल्डरच्या बाजूनंही म्हणायला हवी, निदान त्याच्या गिऱ्हाइकांच्या बाजूनं. ज्यानं २०१० मध्ये टी-१७ मध्ये घर नोंदवलं त्यानं मंजूर नकाशा पाहूनच नोंदवलं. बँकेनं तोच नकाशा पाहून कर्ज दिलं. प्राधिकरणाच्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर मग सामान्य माणसानं काय स्वतः फूटपट्टी घेऊन जायचं? मार्च २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि उरलेल्या परताव्यांना आणखी एक फाटा फुटला.

२८ ऑगस्ट

तीन महिन्यांचं वर्ष झालं. काम मुंबईच्या एडिफिस इंजिनिअरिंगकडे आलं, जोडीला दक्षिण आफ्रिकेची जेट डिमॉलिशन. जेटनं २०१९ मध्ये जोहान्सबर्गमध्ये १०८ मीटरची बँक ऑफ लिस्बन पाडली होती आणि तिथं शेजारची इमारत ८ मीटरच्याही आत होती. एडिफिसनं जानेवारी २०२० मध्ये केरळातल्या मरडूच्या किनाऱ्यावरची संकुलंही पाडली होती. म्हणजे अनुभव अरुंद जागेचाच.

बांधताना जे ९ मीटर कुणी मोजले नाहीत, ते पाडताना अभियंत्यांनी इंचाइंचानं मोजले. टी-१ च्या अंगाला ढिगारा येऊ नये म्हणून स्फोटांचा क्रम असा लावला की मनोरे आपल्याच पायांवर आणि पलीकडे झुकत बसावेत. खांबांना आधी जाळी, मग कापड गुंडाळलेलं. शेजारच्या इमारतींच्या तोंडावर वरपासून खालपर्यंत पांढरे पडदे सोडलेले. एप्रिलमध्ये एक चाचणी स्फोट झाला, त्यानंतर तारीख मेवरून ऑगस्टवर गेली, कारण बांधकाम अपेक्षेपेक्षा मजबूत निघालं. हे वाचून मी हसलो होतो. या इमारतींत खोट फक्त त्यांच्या जागेची होती.

सुमारे साडेनऊ हजार भोकांत ३,७०० किलो स्फोटकं भरली. सकाळी सातपासून एमराल्ड कोर्ट आणि शेजारचं एटीएस व्हिलेज रिकामं केलं. पाच हजारांच्या आसपास माणसं औषधं, कागदपत्रं, कुत्री-मांजरं घेऊन बाहेर पडली, मोटारी हलवल्या. दुपारी थोडा वेळ एक्स्प्रेस-वे बंद. अडीच वाजता कळ दाबली. नऊ सेकंदांनी दोन्ही मनोरे नव्हते. एटीएसच्या कुंपणाची दहाएक मीटर भिंत पडली, काही काचा फुटल्या. टी-१ जागेवर होता. सुमारे ८०,००० टन राडारोडा उरला, आणि झाडांच्या पानांवर पांढरट थर.

नंतर

निकालानंतर राज्य सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. त्यानं प्राधिकरणाच्या २६ अधिकाऱ्यांची नावं काढली. त्यांपैकी २० निवृत्त झाले होते, २ वारले होते, ४ नोकरीत होते. ज्या चौघांवर निलंबनाची कारवाई करता आली त्यांच्यावर ती झाली. २००९ आणि २०१२ च्या सह्यांना २०२१ मध्ये गाठायला निघालं की असंच होतं. नकाशा मंजूर करणाऱ्याची फाइलवर सही एका मिनिटात होते, आणि तिच्याबद्दल विचारायला माणूस येतो तोवर सही करणारा पेन्शन घेत असतो.

जमीन मात्र तिथंच आहे, आणि तिच्यावरून भांडणही. पाडकामानंतर काही दिवसांतच बिल्डरनं त्या जागेवर पुन्हा घरं बांधायचा मनोदय बोलून दाखवला, यावेळी रहिवाशांची संमती घेऊन असं म्हणत. त्याच्या दृष्टीनं भूखंडाचा एफएआर शिल्लक आहे, पैसे भरलेले आहेत. रहिवासी म्हणाले, संमती देणार नाही. त्यांच्याकडे आता नकाशाची प्रत आहे, आणि तिच्यावर टॉवर १ च्या शेजारी बाग आहे.